व्हॉट्सॲप बिझनेस: लेडीज टेलरच्या दुकानातून पाहिलेलं

शिलाई, फॉल-पिको, मेंदी, डबे, शिकवणी, असं काहीही एकटीच्या भरवशावर चालवणाऱ्या बाईनं व्हॉट्सॲप बिझनेस वापरावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. मी नागपुरात मानेवाडा रोडच्या बाजूला लेडीज टेलरिंग करते. ब्लाउज, ड्रेस, लग्नाचे घागरे, सगळं. मोबाईलवरून धंदा वाढवायचा म्हटलं की लोकांच्या डोक्यात आधी रील आणि फॉलोअर येतात. माझ्या दुकानात या ॲपचं खरं काम वेगळंच आहे. कोणाचं कापड आलं, कोणाचं कटिंग झालं, कोणाची ट्रायल बाकी आहे, हे विचारल्या क्षणी सांगता येतं. टेलरचं नाव शिवणीपेक्षा तारखेनं जास्त खराब होतं, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. “ताई, माझा ब्लाउज झाला काय जी?” या प्रश्नाला खरं उत्तर देता आलं की अर्धी भांडणं सुरूच होत नाहीत.

आधी ॲपबद्दल. ते फुकट आहे, भारतात २०१८ च्या जानेवारीत आलं, आणि नेहमीच्या व्हॉट्सॲपपेक्षा वेगळं डाउनलोड करावं लागतं. एक नंबर एका वेळी दोन्हीपैकी एकाच ठिकाणी चालतो. म्हणून माझा पहिला आग्रह हा, की दुकानासाठी वेगळा नंबर घ्या. दुकानात लँडलाइन असेल तर तीही चालते, नंबर पडताळण्याचा कोड फोनवर ऐकू येतो. नंबर वेगळा असला की फोन हाताखालच्या मुलीकडे बिनधास्त सोपवता येतो. घरचे फोटो, नातेवाइकांचे मेसेज त्यात नसतातच. शिवाय मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात. माझ्याकडे एक जुना फोन कटिंगच्या टेबलाजवळ कायम लावलेला असतो. कापडावर खडू मारताना बाहीची लांबी पाहायची तर तिथंच दिसते, मला हाक मारावी लागत नाही.

आता लेबलं, म्हणजे चॅटवर लावायच्या रंगीत चिठ्ठ्या. हे ॲप मी सोडणार नाही याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लेबलं. सुरुवातीला ॲप स्वतःची काही तयार लेबलं देतं, नवीन ग्राहक, नवीन ऑर्डर, पैसे बाकी अशी. ती वस्तू विकणाऱ्याच्या सोयीची आहेत. टेलरनं स्वतःची करावी. माझी अशी आहेत: कापड आलं, अस्तर आणायचं, कटिंग, मशीनवर, हुक-तुरपाई, ट्रायल, तयार, पैसे बाकी. वीसपर्यंत करता येतात, पण जितकी जास्त तितकं बदलायचं विसरायला होतं, म्हणून कामाच्या पायऱ्या असतील तेवढीच ठेवावीत. प्रत्येकाला रंग असतो, तो चॅटवर दिसतो.

सकाळी दुकान उघडलं की मी पहिल्यांदा ‘अस्तर आणायचं’ हे लेबल उघडते. त्याखाली त्या सगळ्या बायकांच्या चॅट एकाखाली एक येतात, प्रत्येकीत तिच्या कापडाचा फोटो. जी कोणी इतवारीच्या बाजारात मॅचिंग घ्यायला निघते, ती तुकडे पिशवीत टाकते आणि यादी फोनवर बघत एका फेरीत सगळ्यांचं अस्तर, पायपिंग, लटकन घेऊन येते. उन्हाळ्यात नागपूरच्या दुपारी एका राणी रंगाच्या अस्तरासाठी पुन्हा इतवारी गाठायची म्हणजे काय असतं, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. संध्याकाळी ‘तयार’ उघडायचं आणि ज्यांनी ब्लाउज नेला नाही त्यांना एक ओळ पाठवायची. दुकानात तयार ब्लाउज लटकत राहणं म्हणजे आपलेच पैसे हँगरला टांगलेले असतात.

एकीचेच तीन ब्लाउज असतील तर काय करायचं, असं मला बऱ्याच जणी विचारतात. लेबल पूर्ण चॅटला लावता येतं तसं एकेका मेसेजलाही लावता येतं. प्रत्येक ब्लाउजच्या फोटोवर बोट दाबून धरायचं आणि त्या फोटोला लेबल लावायचं. एक ‘मशीनवर’, दुसरा ‘ट्रायल’, तिसरा अजून ‘कापड आलं’.

पण नुसत्या लेबलानं काम होत नाही. त्याच्या जोडीला ऑर्डर लिहून पाठवण्याची सवय लागते, आणि माझ्या मते ऑनलाइन धंद्याचं सगळं कौशल्य या एका सवयीत आहे. आमच्या गिऱ्हाईक बायका लिहीत नाहीत, बोलतात. दोन-दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज येतात, त्यात आधी साडी कुठून घेतली ते, मग कार्यक्रम कोणाचा ते, आणि शेवटी गळ्याचं. मी ते पूर्ण ऐकते आणि मग तीन ओळींत लिहून पाठवते. धंतोलीच्या एका काकूंना पाठवलेला मेसेज असा होता:

“नमस्कार काकू. करवती साडीवरचा ब्लाउज. मागचा गळा ८, पुढचा साडेसहा, बाही ११, प्रिन्सेस कट, सोनेरी पायपिंग, अस्तर आमच्याकडचं. ट्रायल शुक्रवारी, तयार मंगळवारी. बरोबर आहे ना?”

त्यांचं उत्तर लगेच आलं: “अगं ८ नको, ७ कर. माझ्या सासूबाई येऊन राहिल्या त्या कार्यक्रमाला.”

एक इंच कापायच्या आधी कळला. कापल्यावर कळला असता तर मागच्या गळ्याला पट्टी जोडावी लागली असती, आणि करवतीच्या टसर रेशमावर जोड लपत नाही. तोंडी बोललेलं दोघींच्या लक्षात दोन प्रकारे राहतं. लिहिलेलं दोघींच्या फोनमध्ये सारखंच असतं. त्या मेसेजच्या खाली “हो, बरोबर” आल्याशिवाय माझ्याकडे कात्री चालत नाही, हा नियम मी मुलींनाही घालून दिला आहे.

मापाचंही तसंच. मापवहीच्या पानाचा फोटो मी त्या बाईच्याच चॅटमध्ये पाठवते आणि खाली पहिला शब्द ‘माप’ लिहिते. नंतर केव्हाही त्या चॅटमध्ये ‘माप’ शोधलं की पान समोर येतं. तिलाही ते दिसत असतं, त्यामुळे पुढच्या वेळी तीच सांगते, “ताई, आता दंडात थोडं सैल ठेवजा.” वही दुकानात पाण्यानं भिजू शकते, उंदीर कुरतडू शकतो. चॅटची प्रत मात्र बॅकअपमध्ये असते. फक्त अँड्रॉइडवर हा बॅकअप आपल्या गूगल खात्याच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबी जागेतच मोजला जातो, आणि कापडांच्या फोटोंनी ती जागा भराभर भरते. काम झालेले, आता न लागणारे व्हिडिओ अधूनमधून काढून टाकावे लागतात.

क्विक रिप्लाय ही दुसरी कामाची सोय. एकच उत्तर दिवसभर टाइप करायचं नसेल तर ते एकदा साठवून ठेवायचं. मग स्लॅशचं चिन्ह टाकलं की यादी येते आणि बोट लावलं की पूर्ण मजकूर बसतो. पन्नासपर्यंत साठवता येतात. माझ्याकडे दुकानाचा पत्ता, शिलाईचे दर आणि “कापड किती लागेल?” याचं उत्तर साठवलेलं आहे. साध्या बाहीच्या ब्लाउजला ८० सेंटिमीटर, लांब बाही किंवा अंगानं जरा भारी असेल तर १ मीटर, आणि कॉटन असेल तर आधी भिजवून वाळवून आणा, म्हणजे नंतर आटणार नाही. इतकं सविस्तर उत्तर मिळालं की समोरच्या बाईला वाटतं, इथे कोणीतरी जबाबदार माणूस बसलेलं आहे.

आपोआप जाणारे मेसेजही आहेत, पण ते जपून वापरावे. स्वागताचा मेसेज जी बाई पहिल्यांदा लिहिते तिला जातो, किंवा १४ दिवस काहीच बोलणं झालं नसेल तर पुन्हा जातो. त्यात फुलांची, जोडलेल्या हातांची चित्रं घालण्यापेक्षा वेळ, सुट्टीचा वार आणि सध्या काम किती दिवसांनी मिळेल ते लिहावं. नागपुरात निम्मी गिऱ्हाईकं हिंदी बोलणारी, म्हणून माझ्याकडे मराठीखाली हिंदीतही दोन ओळी आहेत. दुकान बंद असतानाचा मेसेज वेळ लावून ठेवता येतो. त्यात “लवकरच संपर्क करू” असं गुळमुळीत लिहू नये. “सकाळी ११ नंतर उत्तर देते” असं लिहावं आणि ११ नंतर खरंच द्यावं.

कॅटलॉग, म्हणजे ॲपमधली आपल्या कामाच्या नमुन्यांची यादी, मला ठीकठाक वाटला. ५०० वस्तू आणि प्रत्येकीचे १० फोटो ठेवता येतात, पण टेलरला एवढ्याची गरज नाही. इंटरनेटवरून उचललेले नटीचे ब्लाउज त्यात घालू नका, एवढं मी हात जोडून सांगते. ते काम आपलं नाही, आणि गिऱ्हाईक तेच बोट दाखवून मागतं. आपण शिवलेले मोजके नमुने ठेवावे: कटोरी, प्रिन्सेस, बोटनेक, बंद गळा, एक-दोन आरीवर्कचे. किमतीचा रकाना रिकामा ठेवता येतो, पण मी सगळ्यात कमी शिलाई तिथे लिहितेच आणि काय केल्यानं ती वाढते ते खाली सांगते. दर लपवले की विचारणाऱ्या वाढतात, येणाऱ्या वाढत नाहीत.

फोटोचं मात्र थोडं मनावर घ्यावं लागतं. ट्यूबलाइटखाली चिंतामणी रंग निळा दिसतो, आमसुली काळा पडतो, आणि मोरपंखी तर प्रत्येक फोनवर वेगळा. सकाळी दाराशी येणाऱ्या उजेडात, ऊन थेट न पडता, पांढऱ्या चादरीवर कापड पसरायचं आणि मापाची टेप शेजारी ठेवायची. टेपच्या पांढऱ्या रंगावरून बघणाऱ्याला उजेडाचा अंदाज येतो आणि काठाची रुंदीही कळते. पाठवताना एचडी निवडावं, नाहीतर ॲप फोटो दाबून लहान करतं आणि जरीची वीण पुसट होते. एवढं करूनही रंग पटवायचा असेल तर मी फोटोवर भरवसा ठेवत नाही, कापडाचा तुकडाच मागते.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आमचं दुकान बायकांचं आहे. गिऱ्हाइकांचा ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर इतरांना दिसतो, आणि आत कोणाचा नवरा, कोणाचा दीर कोणत्या नंबरवरून वाचतो आहे ते आपल्याला कळत नाही. आपल्याकडे माप द्यायला आलेल्या बाईला रात्री अनोळखी माणसाचा मेसेज आला तर ती जबाबदारी आपली. त्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. एका यादीत २५६ जणी, मेसेज प्रत्येकीला स्वतंत्र जातो, कोणाला कोणाचा नंबर दिसत नाही. ज्या बाईनं आपला नंबर सेव्ह केला आहे तिलाच तो पोचतो. पुष्कळ जणी याला ॲपची खोट म्हणतात. मला ही अट आवडते. जिला आपलं ऐकायचं आहे तिनंच नंबर ठेवला असेल, बाकीच्यांना आपण त्रास देत नाही. ट्रायल झाल्यावर मी सरळ म्हणते, “नंबर सेव्ह करून ठेवा, महालक्ष्म्यांच्या आधी तारीख कळवीन.”

आणि ती तारीख खरंच कळवते. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, साड्या-ब्लाउजची गर्दी फार. देवीच्या साड्यांना काठ लावून घ्यायचे असतात आणि घरच्या सुनांचे नवे ब्लाउजही त्याच वेळी हवे असतात. कापड घेणं केव्हा बंद करणार, हे आधी ब्रॉडकास्टवर आणि मग स्टेटसवर जातं. स्टेटस २४ तासांत जातं, म्हणून ते शेवटच्या आठवड्यात रोज नव्यानं ठेवावं लागतं. फोटो टाकायचा तर ब्लाउज हँगरवर किंवा पुतळ्यावर. कोणाचा अंगावरचा फोटो हवाच असेल तर तिला विचारून, चेहरा न दाखवता.

इन्स्टाग्रामबद्दल थोडक्यात. आहे माझं खातं, आणि मागच्या गळ्यावरच्या हातकामाचे व्हिडिओ त्यावर बऱ्यापैकी पाहिले जातात. लग्नाच्या मुली तिथूनच येतात, हेही खरं. पण तिथे चौकशीच होते, ऑर्डर पक्की होते ती व्हॉट्सॲपवर. त्यामुळे प्रोफाइलवर व्हॉट्सॲपचं बटण जोडून ठेवावं, म्हणजे “प्राइस प्लीज” विचारणारी थेट चॅटमध्ये येते. एक जण दुकानात पॅकेज घेऊन आला होता, एवढ्या हजारांत एवढे फॉलोअर. मी त्याला विचारलं, “यातल्या किती बाया माप द्यायला मानेवाड्याला येणार?” ब्लाउज अंगावर बसवायचा असतो, त्यासाठी बाईला दुकानात यावं लागतं. मला दिल्ली-मुंबईचे हजारो डोळे नकोत, बेसा-हुडकेश्वरच्या पन्नास बाया हव्यात.

त्या बाया गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून सापडतात. बेसा भागात नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलेलं कुटुंब ओळखीच्या टेलरला विचारत नाही, फोनवर ‘जवळचा लेडीज टेलर’ असं शोधतं. हे प्रोफाइलही फुकट आहे. पूर्वी त्याला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१ मध्ये नाव बदललं. घरातून काम करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: पत्ता न दाखवता फक्त कोणत्या भागात काम करतो एवढं दाखवता येतं. एकट्या राहणाऱ्या बाईनं तसंच करावं. सणाच्या सुट्ट्या तिथे वेळच्या वेळी भराव्या. उन्हात स्कूटीवरून आलेल्या बाईला बंद शटर दिसलं तर ती पुन्हा येत नाही. आणि अभिप्राय मागावा, पण त्याच्या बदल्यात सूट देऊ नये. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि मनालाही पटत नाही.

पैशाच्या बाबतीत मी कडक आहे. लग्नाच्या ऑर्डरला अर्धी रक्कम आगाऊ, यूपीआयनं. दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास नाही. आपल्या खात्यात आल्याचा बँकेचा मेसेज किंवा साउंडबॉक्सचा आवाज आला तरच पैसे आले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना. हे हाताखालच्या मुलींकडून मी पाठ करून घेतलं आहे. अनोळखी नंबरवरून एकदम तीस-चाळीस गणवेशांची ऑर्डर, बोलणारा फौजेत असल्याचं सांगतो, भाव करत नाही, आणि आगाऊ रक्कम ‘मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला लावतो, हा ठरलेला डाव आहे. अशा वेळी गोड बोलून फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर क्षणभर न थांबता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा. आणि ॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आजच लावा. धंद्याचा नंबर कोणी पळवला तर आपल्या नावानं आपल्याच गिऱ्हाइकांकडे पैसे मागितले जातात, आणि तिथे गेलेला विश्वास परत येत नाही.

पाचपैकी मी चार तारे देते. एक तारा मी तारखांसाठी राखून ठेवला. लेबल रंग दाखवतं, पण “मंगळवारी द्यायचे कोणते” हे विचारलं तर ॲपकडे उत्तर नाही. ते मला आजही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावं लागतं. ऑर्डरला तारीख लावून आदल्या दिवशी आठवण देण्याची सोय झाली तर आमच्यासारख्या छोट्या दुकानांना आणखी काही लागणार नाही. दोन-चार शाखा, पगारी माणसं, रोजची शेकडो गिऱ्हाइकं असलेल्यांना हे अपुरं पडेल, त्यांनी दुसरं काही बघावं.

ज्यांना सुरू करायचं आहे त्यांनी लग्नसराईत किंवा महालक्ष्म्यांच्या धामधुमीत हात घालू नये. पितृपक्षात काम कमी असतं, नवं कापड कोणी शिवायला टाकत नाही. त्या पंधरवड्यात वेगळा नंबर घ्या, लेबलं बसवा, मापवहीतली चालू गिऱ्हाइकं एकेक करून चॅटमध्ये आणा. नवरात्रीचे घागरे येईपर्यंत हात बसलेला असेल. कोणाला लेबलं लावताना अडलं तर दुपारी ३ ते ५ दुकानात गर्दी नसते, या, मी दाखवते.